रांग उभी की आडवी

मला त्या श्रावणात कांजिण्या झाल्या नसत्या तर माळशिरसला कोण गेलं असतं, हे मी कधी मांडून पाहिलेलं नाही. मांडायला बसलं तर अज्ञातं फार आणि समीकरणं कमी, आणि तसल्या गणिताला एक उत्तर नसतं. पुढं जन्मभर मुलांना हेच शिकवलं, त्यामुळं एवढं मी छातीवर हात ठेवून सांगू शकते.

मोठा दुष्काळ सरून एक-दोन वर्षं झाली होती. मी सोलापुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. अण्णा, म्हणजे आमचे वडील, गिरणीत टाइमकीपर. भिंतीवर घड्याळ होतं, पण ते शोभेला. घर चालायचं गिरणीच्या भोंग्यावर. चाळीतल्या दोन खोल्यांत आम्ही चौघं: अण्णा, आई, मी आणि माझी धाकटी बहीण. ती माझ्याहून दीड वर्षानं लहान. मला अक्का म्हणायची. मॅट्रिक होऊन टायपिंगच्या क्लासला जात होती आणि घरात जे सापडेल त्यावर बोटं बडवत बसायची, पाटावर, परातीवर, माझ्या पाठीवरसुद्धा. दिसायला आम्ही इतक्या सारख्या की शेजारच्या काकू पाठमोरं बघून एकीचा राग दुसरीवर काढायच्या. स्वभावाचं मात्र उलटं. माझं डोकं लगेच तापायचं, तिचं कधीच नाही. आई म्हणायची, "एकीच्या जिभेला हाड नाही आणि दुसरीला जीभच नाही."

हे काही खरं नव्हतं. धाकटीला जीभ होती, पण ती फक्त मला चिडवायला वापरायची.

चिडवायला कारणही चांगलं मिळालं होतं. अण्णांच्या ओळखीतून माळशिरसचं एक ठिकाण मला सांगून आलं होतं. ऊस, दोन विहिरी, मुलगा साखर कारखान्यात नोकरीला. नावं ठेवायला जागा नव्हती, हीच माझी पंचाईत. मला शिकायचं होतं आणि गणितच शिकायचं होतं. अण्णांनी एका संध्याकाळी भाकरी मोडता मोडता निकाल देऊन टाकला. "सहामाहीत गणितात पास झालीस तर शेवटच्या वर्षाला गणित देतेत. गणित मिळालं तर शाळेत नोकरी मिळंल. मग शिक की, मी कुटं न्हाई म्हणतो. पण नापास झालीस, तर माळशिरस."

त्यांच्या बोलण्यात मधलं काही नसायचं. आयुष्यभर हजेरी लावलेला माणूस, त्याला हजर आणि गैरहजर एवढ्या दोनच गोष्टी माहीत. आणि खरंच होतं ते. गणितात सहामाहीला नापास झालेल्याला आमच्या कॉलेजात शेवटच्या वर्षी गणित घेऊ देत नसत.

माळशिरसच्या मंडळींचा उत्साह दांडगा. मुलगी अजून पाहिली नव्हती, पण पत्रिका जुळवून लग्नानंतर माझं नाव काय ठेवायचं हेसुद्धा त्यांनी काढून ठेवलं होतं. आमच्याकडं लग्नात मुलीचं माहेरचं नाव जातं. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा मुलगा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो. ते नाव मी इथं लिहीत नाही. वाईट नव्हतं. पण ते कानावर पडलं की माझ्या मस्तकात तिडीक जायची, आणि धाकटीला तेवढंच पुरेसं होतं. ती दिवसभर मला त्या नावानं हाका मारायची. "अहो बाई, चहा घेता की?" पुढं ते नाव. मी ओ द्यायची नाही. "अक्का, ओ दे की गं. सवय नको का व्हायला?" मग माझ्या हाताला जे लागेल ते तिच्या दिशेनं जायचं. एकदा लाटणं गेलं, ते अण्णांच्या सायकलला लागलं.

अशात मला कांजिण्या आल्या. आईनं दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला, मला आतल्या खोलीत कोंडलं, आणि उंबऱ्याच्या आत कुणी यायचं नाही असा हुकूम काढला. माझी वर्गातली एक मैत्रीण तेलुगू, विणकरांच्या घरातली. तिच्या घरी दिवसभर मागांची खडखड, त्यामुळं त्या घरात सगळे ओरडूनच बोलायचे. ती कॉलेज सुटलं की आमच्या दारात येऊन, नाकाला पदर लावून, त्या दिवशी वर्गात काय झालं ते मला तिथून ओरडून सांगायची. सगळी चाळ ऐकायची. समोरच्या खोलीतल्या म्हातारबाबांना त्या महिन्यात बीजगणित बरंचसं कळायला लागलं होतं, असं आई म्हणायची.

एक दिवस तिनं मॅट्रिक्स आणलं. तीन समीकरणं असली तर त्यांतले आकडे तेवढे उचलायचे आणि चौकोनात मांडायचे. एक्स, वाय, झेड ही अक्षरं गाळायची, कारण कोण कुठं बसलंय ते जागेवरूनच कळतं. मग त्या चौकोनातल्या 'रो'वर तीनच गोष्टी करायची परवानगी. दोन रोंची अदलाबदल करा. किंवा एखाद्या रोला शून्य सोडून कुठल्याही आकड्यानं गुणा. किंवा एका रोची हवी तेवढी पट दुसऱ्या रोत मिळवा, नाहीतर वजा करा. असं करत करत डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात शून्यं आणायची. शेवटच्या रोत एकच अज्ञात उरतं. ते सुटलं की खालून वर एकेक सुटत येतं.

"आणि यातलं काहीही केलं," ती दारातून ओरडली, "तरी उत्तर बदलत नाही."

"रो म्हणजे काय?" मी आतून ओरडून विचारलं.

"रांग. सर म्हणाले, रो म्हणजे रांग."

आता रांग म्हणजे काय ते मला शिकवायला नको होतं. आमच्या शाळेत वर्गात पट्ट्या अंथरलेल्या असायच्या, फळ्यापासून थेट मागच्या भिंतीपर्यंत. एक मुलींची रांग, दोन मुलांच्या. बाई हजेरीला म्हणायच्या, पहिली रांग, की पुढच्या मुलीपासून मागच्या मुलीपर्यंत सगळ्या भराभरा हजर म्हणायच्या. नळाची रांग तशीच, रॉकेलची तशीच, एकामागं एक. कागदावर काढायला गेलं तर वरून खाली येणार. तेव्हा मी चौकोन मांडला, प्रत्येक उभ्या ओळीच्या डोक्यावर टोपी घातल्यासारखं आर वन, आर टू, आर थ्री लिहिलं, आणि कामाला लागले.

अंगाची आग होत होती, खाजवायची बंदी, तेव्हा जीव गुंतवायला हे बरं होतं. मी तिन्ही नियम मोठ्यानं घोकायची. धाकटी स्वयंपाकघरातून साथ करायची. 'काहीही केलं तरी उत्तर बदलत नाही' याला तिनं आरतीची चाल लावली. आई मांडणीवरचे डबे पुसून इकडचे तिकडे लावायला लागली की ही म्हणायची, "रो बदलला आई, उत्तर तेच." आईला यातलं काय कळत होतं, पण ती हसायची.

बरी होऊन कॉलेजात गेले तोवर सर पुढच्या धड्यावर गेले होते. ते पुस्तक लायब्ररीत एकच, घरी देत नसत. मी वाचनालयात बसून त्यातली सोडवायची गणितं उतरवून घेतली, मागची उत्तरंही घेतली. सोडवून दाखवलेली गणितं मात्र वाचलीसुद्धा नाहीत. सोडवलेली गणितं भित्री मुलं वाचतात असं माझं त्या वेळचं मत होतं. आणि मग घरी येऊन मी एकेक करायला घेतलं, तर एकाचंही उत्तर जुळेना. कधी भलतेच अपूर्णांक, कधी काहीच नाही. एखादं जुळल्यासारखं व्हायचं आणि शेवटी तोंडघशी पाडायचं. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं की आपलं काहीतरी चुकतंय. मी म्हटलं, पुस्तक चुकीचं छापलंय. उत्तरांपुढं शिसपेन्सिलीनं 'छापील चूक' असं लिहीत गेले. बऱ्याच ठिकाणी लिहिलं.

मैत्रिणीला विचारायचं सुचलं नाही असं नाही. पण ती माझ्यापेक्षा गणितात कच्ची, तिला काय विचारायचं, हा ताठा.

सहामाहीचा पेपर झाला. दिवाळी झाली. कॉलेज उघडलं आणि निकाल लागला. मी नापास. बीजगणिताच्या भागात मॅट्रिक्सचेच प्रश्न जास्त होते, आणि त्यातल्या एकाही प्रश्नाला अर्धा मार्कसुद्धा नव्हता. पानं इतकी नीटनेटकी, एक खाडाखोड नाही, आणि प्रत्येकावर तांबडी फुली.

अण्णांनी आकडा ऐकला. चिडले नाहीत, काही नाही. टोपी काढून खुंटीला लावली आणि म्हणाले, "बरं. माळशिरसला कळवतो." दुसऱ्याच दिवशी कळवलं. तुळशीचं लग्न होऊन गेलंच होतं. त्यांनी पुढच्या पुढच्या आयतवारी बघायला येतो म्हणून निरोप धाडला. आईनं माझ्यासाठी ठेवणीतलं अंजिरी पातळ काढून इस्त्रीला दिलं आणि पोहे निवडून ठेवले. धाकटी त्या दिवसात मला त्या नावानं हाक मारेनाशी झाली. तिला कळलं होतं की आता ती थट्टा राहिली नाही.

मी रडले नाही. मला राग आला, आणि राग आला की मला बरं वाटतं. मी पेपर घेतला आणि थेट सरांच्या खोलीत गेले.

सर दुधनीकडचे. घरी कानडी. इंग्रजी उत्तम, गणित त्याहून उत्तम, पण मराठीत लिंगाचा पत्ता नाही. त्यांच्या तोंडी भिंत उभा असायचा आणि दरवाजा उघडी असायची. वर्गातल्या सगळ्या मुलींना ते तंगी म्हणायचे. तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण. आम्ही पाठीमागं त्यांची नक्कल करायचो, ते त्यांना ठाऊक होतं आणि चालत होतं.

"सर, पुस्तकातली उत्तरं चुकलीत," मी म्हटलं. "तुम्ही ती बघून माझे मार्क कापलेत."

खोलीत आणखी दोन-तीन प्राध्यापक बसले होते, ते बघायला लागले. सरांनी चष्मा पुसला. "कुठला उत्तर चुकला, दाखव."

मी पेपर पुढं टाकला. त्यांनी बराच वेळ पाहिला. मग कागद आडवा फिरवला आणि पुन्हा पाहिला. "आर वन हे वरती कशाला लिहिलास?"

"रांगेचं नाव आहे सर."

"रांग उभा नसतो, तंगी. रांग आडवा असतो."

"आडवी कशी असेल? रॉकेलच्या रांगेत माणूस उभा राहतो सर, आडवा पडत नाही."

बाकीचे हसले. सर हसले नाहीत. ते विचार करत होते. मग म्हणाले, "रांग म्हणून शब्द मीच दिला. वर्गात फळ्यावर लिहिला तेव्हा सगळ्यांना दिसला, आडवा आहे. तू कुठं होतास?"

मी कांजिण्यांचं सांगितलं. दारातून ओरडून शिकल्याचंही सांगितलं. तेव्हा मात्र ते हसले. मग त्यांनी माझ्या पेपरातलं पहिलंच गणित पुढं ओढलं. ते सगळ्यात सोपं होतं. दोन एक्स अधिक वाय बरोबर आठ. एक्स अधिक तीन वाय बरोबर नऊ. डाव्या वरच्या कोपऱ्यात एक हवा असतो, म्हणून मी पहिल्या दोन उभ्या ओळींची अदलाबदल केली होती आणि पुढचं कंटाळून शाळेच्या पद्धतीनं संपवलं होतं. माझं उत्तर आलं, एक्स दोन, वाय तीन. खरं उत्तर होतं, एक्स तीन आणि वाय दोन.

"बघ इकडे," सर म्हणाले. "आडवा रो म्हणजे एक वाक्य. दोन वाक्य आहेत. हे आधी सांग, ते नंतर सांग, काय बिघडला? गोष्ट तोच. पण उभा जो आहे, कॉलम, तो वाक्य नाही. तो माणूस आहे. हा एक्सचा घर, हा वायचा घर. तू काय केलास? एक्सला उचलून वायच्या घरात बसवलास आणि वायला एक्सच्या. पुढचा हिशेब सगळा बरोबर. उत्तर पण आली. पण एकाचा उत्तर दुसऱ्याच्या नावावर गेला."

मी वाकून पेपर पाहिला. टोप्या सगळ्या उभ्या ओळींच्या डोक्यावर होत्या.

"आणि या बाकीच्या गणितात," त्यांनी पुढची पानं उलटली, "एका माणसाचा पट काढून दुसऱ्या माणसात मिळवलास. कालवून टाकलास गं दोघांना." मग पेपर मिटला आणि म्हणाले, "शब्द माझा होता, तेव्हा निम्मा चूक माझा. रविवारी सकाळी घरी ये. नवीन गणितं घालतो. सगळी बरोबर आली तर पास. एक चुकला तरी नापास."

घरी येऊन मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "बघ पास होऊन. पण ते लोक त्याच्या पुढच्या आयतवारी येणार म्हंजे येणार. शब्द दिलाय. पास झालीस तर मीच त्यास्नी सांगंन, पोरगी शिकतीया म्हणून." म्हणजे अजून एक आठवडा हातात होता. तो सबंध आठवडा मी आडवी ओळ, आडवी ओळ करत काढला. धाकटी माझ्या समोर बसून कागदावर बोट फिरवायची, डावीकडून उजवीकडं, आणि मी चुकून वरून खाली गेले की हातावर चापट मारायची. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण आडवं आणि उभं कळत होतं. परीक्षेची माझ्यापेक्षा तिलाच जास्त काळजी लागली होती. "अक्का, एकबी चुकवू नको हं," सरांच्या घरी निघताना ती म्हणाली. "चुकवलंस तर मला हिथं एकटीला बोअर हुईल."

सरांच्या घरी ओसरीवर पाट टाकून मला बसवलं. त्यांच्या बायकोला मराठी येत नव्हती. तिनं माझ्यापुढं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी ठेवली आणि खुणेनं आधी खा म्हणून सांगितलं. मी खाल्लं आणि मग लिहायला घेतलं. त्या सकाळी जे वाटलं ते सांगायलाच हवं, कारण पुढं तसं फार वेळा वाटलं नाही. वरच्या ओळीची दुप्पट खालच्या ओळीतून वजा केली आणि कोपऱ्यात शून्य आलं. त्याच्या खालच्या ओळीतून तिप्पट वजा केली, दुसरं शून्य आलं. मग आणखी एक. शेवटच्या ओळीत झेड एकटा उरला आणि आपली किंमत सांगून मोकळा झाला, मग वाय, मग एक्स. कुणी कुणाच्या घरात गेलं नाही. प्रत्येक किंमत मी मूळच्या समीकरणांत घालून पाहिली आणि ती चपखल बसली. मला मनापासून आनंद झाला. इतका की मी शेवटचं गणित उगीचच दुसऱ्या पद्धतीनंही करून पाहिलं.

सरांनी तपासलं. "पास," ते म्हणाले. "जा तंगी, घरी सांग."

मी चालत निघाले ती जवळजवळ पळतच. चाळीच्या जिन्यावर आले तेव्हा आमच्या दाराबाहेर अनोळखी वहाणा दिसल्या. मोठाल्या, धुळीनं माखलेल्या, खेड्यातल्या. मला आधी काही उलगडा झाला नाही. आत डोकावले तर सतरंजीवर तिघं-चौघं पुरुष आणि दोन बायका, सगळ्यांच्या हातात पोह्यांच्या बशा, आणि मध्ये पाटावर धाकटी बसलेली. अंगावर माझं अंजिरी पातळ. कपाळाला ताजं कुंकू, ओटीत नारळ.

काय झालं होतं ते नंतर आईकडून तुकड्या-तुकड्यानं कळलं. माळशिरसची मंडळी मोहोळला कुणाच्या तरी लग्नाला आली होती. आलोच आहोत तर सोलापूर किती लांब, म्हणून तशीच पुढच्या एस.टी.नं आली. पुढच्या आयतवारी यायची ती या आयतवारी. दारात आलेल्या पाहुण्यांना परत जा म्हणायची आमच्याकडं पद्धत नाही. धाकटी पाणी भरत होती, तिची साडी चिंब. घरात इस्त्रीचं म्हणून एकच पातळ होतं, ते ती नेसली आणि पाण्याचे पेले घेऊन बाहेर आली. मुलाचे चुलते कर्ते गृहस्थ. त्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि अण्णांना विचारलं, "पोरगी हीच न्हवं?"

अण्णा उभ्या जन्मात खोटं बोलले नाहीत, तेव्हाही बोलले नाहीत. म्हणाले, "व्हय की. ही बी आमचीच."

त्या 'बी' कडं कुणी लक्ष दिलं नाही. धाकटीला बसवलं, शिकलीस किती विचारलं, चालून दाखव म्हटलं, आणि पसंत करून टाकलं. मग अण्णांनी सगळं उलगडून सांगितलं. तुम्ही पत्रिका पाहिली ती थोरलीची, ती आज परीक्षेला गेलीय. चुलत्यांनी मिशीवरून हात फिरवला. "मग शिकू द्या की थोरलीला. तिचं मन तिकडं हाय. आमास्नी हीच पसंत हाय. घर तेच, गोत तेच, मानपान तेच. काय बदलतंय त्यात?"

आई म्हणाली होती म्हणे, की थोरलीच्या आधी धाकटी उजवली तर लोक नावं ठेवतील. त्यावर अण्णा म्हणाले, "ठेवू द्या. दोन दिस ठेवतील."

हे सगळं मी यायच्या आधी आटोपलं होतं. मी दारात उभी राहिले तेव्हा अण्णांनी वर पाहून विचारलं, "पास?"

"पास," मी म्हटलं.

"छान झालं," ते म्हणाले. इतके समाधानी मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. त्यांचे दोन प्रश्न एका सकाळीत सुटले होते. चुलत्यांनी मला जवळ बोलावून हातावर पेढा ठेवला. पेढा त्यांनीच आणलेला होता. मी तो खाल्ला.

मंडळी गेल्यावर आम्ही दोघी मोरीत बशा विसळत होतो. धाकटीनं पातळ वर खोचलं होतं, त्याला डाग पडू नये म्हणून. "सगळी बरोबर आली?" तिनं विचारलं.

"सगळी."

"मग झालं की."

"तुला नको असेल तर आत्ता बोल," मी म्हटलं. "मी अण्णांना सांगते. भांडते."

"मला कुठं कुणी विचारलं?" ती बशी पुसत म्हणाली. "आणि विचारलं असतं तर काय सांगायचं होतं, अक्काला न्या म्हणून? ती परीक्षेला गेलीय, थांबा जरा?"

मला फार वाईट वाटलं. आणि खोटं कशाला, सुटल्यासारखंही वाटलं. दोन्ही एकदमच वाटलं, एकानं दुसरं कमी झालं नाही. तरीही मी त्या संध्याकाळी अण्णांशी भांडले. ते ऐकून घेत राहिले आणि शेवटी म्हणाले, "अगं, ते ठिकाण चांगलं हाय म्हणूनच तुला काढलं होतं न्हवं? मग तिला वाईट कसं हुईल?" धाकटीनंच आतून हाक मारून मला जेवायला बोलावलं. टायपिंगचा क्लास तिनं त्या महिन्याअखेर सोडला. परीक्षेला बसली असती तर पास झाली असती, असं तिच्या बाई म्हणत होत्या.

वैशाखात लग्न झालं. तांदळाचं ताट आलं, नवऱ्या मुलानं अंगठी हातात घेतली आणि लिहिलं, तर तेच नाव. माझ्यासाठी काढलेलं. भटजी कुरकुरले, की हे हिच्या राशीला जुळत नाही. पण सासूबाईंनी तोवर तांब्या-पेल्यावर, परातीवर, सगळ्यांवर ते नाव घालून घेतलं होतं, आणि चुलते म्हणाले, कोरलेली भांडी का आता मोडीत घालायची? बायका हसल्या. धाकटीनंही मान खाली घालून हसल्यासारखं केलं. मी तिच्या मागंच उभी होते, पदर सावरायला. तांदळातली अक्षरं मला नीट दिसत होती, आणि सरांचं वाक्य आठवलं, एकाचा उत्तर दुसऱ्याच्या नावावर गेला. मी तिचा पदर पुन्हा एकदा सारखा केला.

मला शेवटच्या वर्षाला गणित मिळालं. पुढं शाळेत लागले, मग कॉलेजात, आणि हा धडा दरवर्षी शिकवला. रांग हा शब्द एकदाही वापरला नाही. आडवी ओळ म्हणते आणि आधी सगळ्यांना बोट फिरवायला लावते, डावीकडून उजवीकडं. मुलं हसतात. हसू देत.

लग्नानंतरची पहिली दिवाळी. धाकटी माहेरपणाला आली होती. जरा भरली होती, हातात पाटल्या, बोलणं माळशिरसच्या वळणाचं. सुखी होती का, तर होती असंच म्हणायला हवं. नवरा शांत, घर खातंपितं. दुपारी ती गॅलरीत पायरीवर बसून शेंगा फोडत होती आणि मी आत टेबलाशी परीक्षेचं करत होते. खाली नळाला पाणी आल्याचा गलका झाला. मी बसल्या जागेवरून तिला हाक मारली, पाणी आलंय म्हणून. तिच्या नावानं, जन्मापासून मारत आले त्या नावानं. ती शेंगा फोडत राहिली. मी पुन्हा मारली, मोठ्यानं. तिनं मानही वळवली नाही. ती थट्टा करत नव्हती, हे तिच्या पाठीवरूनच कळत होतं. आई चुलीपाशी थांबून माझ्याकडं बघायला लागली.

मग मी ते दुसरं नाव घेऊन हाक मारली. माझ्या तोंडून ते पहिल्यांदाच निघालं.

"ओ," ती लगेच म्हणाली. "आले की, अक्का." ओच्यातल्या शेंगा सुपात टाकून तिनं कळशी उचलली आणि खाली गेली. नळावर रांग लागली होती. ती सगळ्यांच्या मागं जाऊन उभी राहिली.